गाडी घसरली, असे मी सांगितले

धाराशिवच्या न्यायालयात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. विमा कंपनीच्या वकिलांनी एक कागद माझ्या हाती दिला आणि विचारले, "ही सही आपलीच ना?"

सही माझीच होती. जवळजवळ तीस वर्षे, आधी शिक्षक आणि मग मुख्याध्यापक म्हणून, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर करत आलो तीच, शेवटच्या अक्षराखाली आडवी रेघ ओढलेली. सहीच्या वर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घाईघाईने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. रुग्ण मोटारसायकल घसरून पडला, सोबत असलेल्या मेहुण्यांनी दिलेल्या माहितीनुसार. ते मेहुणे म्हणजे मी. आणि ती ओळ खोटी होती.

ही खोटी ओळ मी का सांगितली, आणि ती मागे घ्यायला मला दीड वर्ष का लागले, हे स्वतःशी नीट मांडून पाहावे म्हणून लिहितो आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका खेड्यात खव्याची भट्टी चालवत. आजूबाजूच्या वस्त्यांवरून सकाळी दूध यायचे, मोठ्या लोखंडी कढईत पडायचे आणि मग तासन्‌तास ढवळणे. हात थांबला की दूध तळाला लागते आणि सगळा घाणा करपतो. दाजींचा उजवा हात थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. लांब दांड्याचे उलथने फिरवत ते बोलत, हसत, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत, आणि हात आपला चालूच. "दूध आटवायला काय, कुणीबी आटवील," ते म्हणत. "तळाला लागू न देणं, ही खरी अक्कल."

एका दुपारी वाशीत खवा पोचवून ते मोटारसायकलवरून परत निघाले होते. मागून येणाऱ्या मोटारीने त्यांना ओलांडताना धडक दिली आणि ते रस्त्याकडेच्या खडीवर जाऊन पडले. मोटार चालवणारा तरुण पळून गेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्यानेच त्यांना आपल्या गाडीत घातले आणि धाराशिवच्या दवाखान्यात आणले. वाटेत दाजींनी त्याला एकच दूरध्वनी क्रमांक सांगितला, तो माझा.

मी पोचलो तेव्हा दाजी चाकांच्या खाटेवर होते. चेहरा पांढरा, उजवा हात अंगाशी धरलेला. त्यांच्या उशाशी तो तरुण उभा होता. मला पाहताच तो पुढे आला आणि भर गर्दीत वाकून त्याने माझ्या पायांना हात लावला.

"सर, ओळखलंत का? दहावी ब. तुमच्या वर्गातला."

ओळखले. शेवटून दुसऱ्या बाकावरचा, गणितात कच्चा पण स्वभावाने सरळ मुलगा. नुकतीच त्याला सरकारी नोकरी लागली होती.

"सर, काय करू मी आता?"

ड्यूटीवरचे डॉक्टर कागद घेऊन आले. "कसं लागलं यांना? दुसऱ्या गाडीची धडक आहे का? असेल तर पोलिसांना कळवावं लागतं."

तरुण काहीतरी बोलू लागला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नाही. गाडी घसरली."

दाजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, मग मिटून घेतले. मी सही केली.

त्या वेळी माझ्याजवळ कारणांचा तोटा नव्हता. पोलीस केस झाली की डॉक्टर हात लावत नाहीत, हे लहानपणापासून ऐकलेले. पोलिसांत गेले की मोटारसायकल ठाण्याच्या आवारात गंजत पडते, तारखांना जाता जाता चपला झिजतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. शिवाय त्या पोराची नवी नोकरी. ही सगळी कारणे मी बहिणीला ओळीने सांगितली. जे सांगितले नाही, ते असे: आमच्या गल्लीत बांधावरून, पाण्यावरून कुणाचे बिनसले की लोक माझ्या ओसरीवर येत. "सरांनी मिटवलं" हे वाक्य मला फार आवडू लागले होते. आणि त्या दिवशी भरल्या दवाखान्यात माझ्या विद्यार्थ्याने माझे पाय धरले होते. त्या एका स्पर्शाने मी दाजींचा मेहुणा राहिलो नाही, पुन्हा त्याचा सर झालो.

तिसऱ्या दिवशी माझी भाची, दाजींची एकुलती लेक, खाटेशी बसून कागद वाचत होती. ती औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, तुळजापुरात औषधांच्या दुकानात काम करणारी. इंग्रजी ओळ तिच्या नजरेतून सुटली नाही.

"मामा, गाडी घसरली असं कुणी लिहून दिलं?"

"मी सांगितलं. तेवढ्यानं काय बिघडतंय? उपचार तर सुरू झाले ना."

"एखाद्या वकिलाला दाखवू या का हे?"

"वकील कशाला? पोरगा रोज येतोय, औषधपाणी बघतोय. वकील लावला म्हणजे वैर आलं."

"तुम्ही इथं बाबांचे मेहुणे म्हणून आलाय, का त्या गाडीवाल्याचे सर म्हणून?"

बहीण तिच्यावर खेकसली. "गप की गं! मामापेक्षा शानी झालीस व्हय? भाऊ म्हणतोय ते इचार करूनच म्हणत आसंल."

भाची गप्प बसली. ती गप्प बसल्याचे मला समाधान वाटले, हेही इथे नोंदवले पाहिजे.

मग मी शेवटची चूक केली, आणि ती मोठ्या हौसेने केली. आमचे कुलदैवत अणदूरचा खंडोबा. भंडाऱ्याची पुडी माझ्या पाकिटात कायम असते. आमच्याकडे वाद मिटला की दोन्हीकडचे लोक भंडारा उचलतात, एकमेकांच्या कपाळी लावतात, आणि मग तो शब्द कागदापेक्षा जड होतो. संध्याकाळी तो तरुण फळे घेऊन आला तेव्हा मी पुडी सोडली. "दाजी पूर्ण बरे होईपर्यंत मी बघीन," असे त्याने म्हटले. "आमी ठाण्यात न्हाई, कोर्टात न्हाई," असे दाजींनी म्हटले. दाजींचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी डाव्या हाताने त्याच्या कपाळाला पिवळे बोट लावले. मी बाजूला उभा राहून, लग्न जुळवून दिल्यासारखा, समाधानाने पाहत होतो.

मानेखालचे हाड मोडले होते, ते जुळले. दाजी घरी आले. पण हात वर येईना. हाड जुळायला वेळ लागतो, असे आम्ही सगळेच म्हणत राहिलो. भट्टीवर आता बहीण उभी राहू लागली. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत वाफेचे डाग पडले. दाजी शेजारी पाटावर बसून सांगत, "जाळ कमी कर, जाळ कमी कर. आगं, तळाला लागतंय." एकदा त्यांनी न राहवून उलथने धरायचा प्रयत्न केला. बोटे दांड्याभोवती मिटलीच नाहीत. ते हसले. "हात सासरवाडीला गेलाय," म्हणाले. बहिणीने पदर तोंडाला लावला.

तो तरुण आधी दर आठवड्याला येई, मग महिन्याने. मग त्याची बदली लांब झाली. दूरध्वनी करी. तोही कमी झाला. मी त्याला दोष देत नाही. ज्या ओझ्याला काही मापच ठरवलेले नाही, ते माणूस किती दिवस वाहील?

शेवटी भाचीने दाजींना सोलापूरच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. मीही गेलो. त्यांनी बराच वेळ हात तपासला आणि विचारले, "नेमके कसे पडले होते?"

"मागून कारने उडवलं," भाची म्हणाली.

डॉक्टरांनी जुने कागद चाळले. "इथे तर गाडी घसरली लिहिलंय." त्यांनी दाजींची बोटे पुन्हा दाबून पाहिली. "मानेतून हातात येणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आहेत. वेगाने फेकला गेलेला माणूस आला की आम्ही हे मुद्दाम बघतो. घसरून पडलेल्या माणसाचं आधी हाड बघितलं जातं. यात पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात."

आवाज न चढवता त्यांनी हे सांगितले. कुणाला दोष दिला नाही. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दोष नव्हताच, त्यांनी विचारले होते. मी खोलीबाहेर आलो आणि पाण्याच्या टाकीशी उगाच दोनदा हात धुतले. तोवर मी समजत होतो की माझ्या खोट्याने फार तर एक दावा बुडाला असेल. ते दाजींच्या हातापर्यंत पोचले होते.

परतीच्या एसटीत भाची माझ्या शेजारी बसली. तुळजापूर जवळ आल्यावर तिने कागद पिशवीत नीट घातले. मग म्हणाली, "मामा, सोमवारी मी वकीलबाईंकडे चाललेय. सही तुमची आहे. तुम्हाला यावं लागंल."

वकीलबाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला.

"धडक झाली तेव्हा तुम्ही तिथं होतात का, सर?"

"नव्हतो."

"मग गाडी घसरली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "का सांगितलंत असं?"

मी नोकरीचे, विद्यार्थ्याचे, भंडाऱ्याचे सगळे सांगितले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्याच्या गाडीचा विमा होता ना? मग भरपाई विमा कंपनीनं द्यायची असते, सर. त्या पोराच्या पगारातून नाही. तो मद्यधुंद नव्हता, परवाना होता, थांबला, जखमीला घेऊन आला. त्याचं जे व्हायचं ते थोडक्यात निभावलं असतं. तुम्ही त्याला ज्यातून वाचवलंत ते संकट त्याच्यावर नव्हतंच."

मला हे ठाऊक नव्हते. मुलांच्या शाळेच्या प्रवेशाचे, पेन्शनच्या कागदांचे, सातबाराच्या दुरुस्तीचे मार्गदर्शन मी लोकांना करत असे. हे मात्र कुणाला विचारलेही नव्हते.

"तुमच्याकडं यायला उशीर झाला का?" मी विचारले.

"लोक वकिलाकडं कधी येतात ठाऊक आहे? भांडण पेटलं की. अपघातात वकील लागतो तो भांडण नसताना. कुणाला काय सांगायचं, कशावर सही करायची नाही, पोलिसांत नोंद कुणी करायची, एवढंच विचारायला. पाच मिनिटांचं काम असतं. पहिला जबाब देण्याआधी आला असतात, तर मी म्हणाले असते, खरं आहे तेवढं सांगा आणि घरी जा." त्यांनी सहीवर बोट ठेवले. "आता हा कागद तुमच्या दाजींच्या विरुद्ध बोलणार. त्याला खोटं पाडू शकतील अशी दोनच माणसं आहेत. एक तो पोरगा. दुसरे तुम्ही. तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागंल, की मी मुख्याध्यापक आहे आणि मी खोटं लिहून दिलं."

दावा दाखल करायला दाजींची सही हवी होती. मी वकीलपत्र घेऊन खेड्यात गेलो. दाजी भट्टीपाशी पाटावर बसले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि मान हलवली.

"न्हाई जमायचं. भंडारा उचललाय म्या. तुमीच उचलायला लावला, सर."

"दाजी, ती माझी चूक होती. दोष माझ्यावर येऊ द्या."

"आसं कसं? बोट माझं हुतं. आन् आता काय, देवाला बी वकील लावताव?"

बहीण ढवळता ढवळता हसली, आणि मग तिचे हसणे मध्येच थांबले. मी शिकलेला माणूस, मला शपथ सोईने वाकवता येत होती. दाजींना येत नव्हती. ज्या शब्दाचा मला अभिमान वाटला होता, तो फक्त त्यांनीच पाळला होता.

उपाय बहिणीनेच सांगितला. "ज्याला शबुद दिला, त्यानंच मोकळा करावा लागतोय. त्या पोराला इचार की, भाऊ."

मी त्याच्या बदलीच्या गावी गेलो. कार्यालयाबाहेरच्या टपरीवर आम्ही बसलो. दाजींच्या हाताचे सांगितले तेव्हा त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

"सर, एक बोलू? राग मानू नका."

"बोल."

"त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खरंच सांगणार होतो. 'माझ्या गाडीनं' इथपर्यंत तोंडात आलं होतं. तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. मग मला वाटलं, सरच म्हणतायत तर हेच बरोबर असंल. पण तुमच्या वर्गात खोटं बोललं की बाकावर उभं राहावं लागायचं. ते आठवून मला कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही."

दवाखान्यात तो काहीतरी बोलू लागला होता, हे मला आठवत होते. पण ती भीतीने वळलेली बोबडी होती, असे मी स्वतःला पटवले होते. एका मुलाच्या ओठावर आलेले खरे मी माझ्या हाताने मागे ढकलले होते, आणि त्याला ते गुरूचे वात्सल्य म्हणून दाखवले होते.

पुढच्या रविवारी तो भट्टीवर आला. दाजींच्या समोर उकिडवा बसला. "दाजी, शब्द मोकळा केला. तुम्ही कोर्टात जा. मी पोलिसांत जबाब देतो, धडक माझ्याच गाडीची म्हणून."

"नोकरीचं काय?"

"वकीलबाईंना विचारलं. जे व्हायचं ते होईल, पण आभाळ कोसळायचं नाही म्हणाल्या."

दाजींनी डाव्या हाताने त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला, जणू तिथला जुना भंडारा पुसत होते. मग लेखणी मागितली. डाव्या हाताने सही करायला ते हिशेबाच्या जुन्या वहीत महिनाभर शिकत होते, हे मला त्या दिवशी कळले. अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी चढत, उतरत गेली. वकीलपत्राच्या रकान्याबाहेर शेवटचे अक्षर पडले. "पास करा, सर," ते म्हणाले.

म्हणून मी त्या दिवशी पिंजऱ्यात होतो.

"म्हणजे तेव्हा आपण खोटे बोललात?" समोरच्या वकिलांनी विचारले.

"होय."

"तेव्हा आपण मुख्याध्यापक होता ना?"

"होय."

"मुलांना खरे बोलायला शिकवत होता?"

"होय."

"मग आज आपण खरे बोलता, तेव्हा खोटे बोलत होता, यावर न्यायालयाने विश्वास का ठेवावा? आज आपल्या मेहुण्यांचा फायदा आहे."

यावर काय उत्तर द्यायचे ते वकीलबाईंनी शिकवले नव्हते. मी म्हणालो, "तेव्हा मला मोठेपणा मिळत होता. आज तो चालला आहे."

समोरच्या वकिलांनी कागद मिटला आणि म्हटले, "आणखी काही विचारायचे नाही."

बाहेर आवारातल्या झाडाखाली दाजी बसले होते. बहिणीने डब्यातून खवा आणला होता, साखर न घातलेला. दाजींनी डाव्या हाताने थोडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"लई येळ लावलात," ते म्हणाले. "पण बोललात."

न्यायालयाने पुढे दावा मान्य केला, मात्र पूर्ण नाही. उशीर, आणि तो पहिला कागद, यांचे वजन कमी झाले, नाहीसे झाले नाही. निकालपत्रात माझ्या जबाबाचा उल्लेख दोनदा आहे, एकदा खोट्यासाठी, एकदा खऱ्यासाठी. दाजींना त्यातून भट्टीवर एक गडी ठेवता आला. हात मात्र कुठल्याच निकालात परत येण्यासारखा नव्हता. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलेले ते पहिले महिने माझ्या सहीखाली गेले, आणि त्यांच्यावर कुणाला अपील करता येत नाही.

अजूनही लोक माझ्या ओसरीवर येतात. कुणाचा अपघात झाला, समोरचा ओळखीचा निघाला, "सर, जरा मिटवून द्या की." मी विचारतो, "डॉक्टरांना काय सांगितलंत?" ते चपापतात. मी म्हणतो, आधी खरे सांगून या, पोलिसांत नोंद करा, मग एखाद्या वकिलाकडे जाऊन पाच मिनिटे बसा. त्याला वैर समजू नका. त्यानंतर पाहिजे तेवढा चहा घ्यायला या. काहींना हे आवडत नाही. सर पूर्वीसारखे राहिले नाहीत, असे ते म्हणतात.

रविवारी गडी सुटीवर असतो, तेव्हा मी भट्टीवर जातो. उलथने मी धरतो. माझा हात लवकर भरून येतो. दाजी पाटावरून बघत असतात.

"थांबू नका, सर," ते म्हणतात. "तळाला लागंल."